बलरामांची फाइल कुणी चालवायची?

भारतीय फुटबॉलच्या चांगल्या दिवसांबद्दल कोणी बोलायला लागलं, की तीन नावं एका दमात येतात. चुनी, पीके, बलराम. ब्रह्मा-विष्णू-महेश म्हणावं तशी ही त्रिमूर्ती. यांतल्या चुनी गोस्वामींना १९८३ साली पद्मश्री मिळाली. पी. के. बॅनर्जींना १९९० साली मिळाली. तिसरे तुलसीदास बलराम. ते १६ फेब्रुवारी २०२३ रोजी कोलकात्यात वारले. पद्मश्री त्यांच्या नावापुढे लागली नाही ती नाहीच, आणि ही खंत त्यांनी उतारवयातल्या मुलाखतींतून अनेकदा बोलून दाखवली.

आता तुम्ही म्हणाल, सिकंदराबादच्या एका फुटबॉलपटूला पुरस्कार मिळाला नाही, याचं गोव्यातल्या एका कारकुनाला काय पडलंय? पडलंय. थोडं दमानं सांगतो.

माझ्या मामाचं बिऱ्हाड हैदराबादला नारायणगुड्यात आहे. ज्यांनी हैदराबाद म्हणजे चारमिनार आणि बिर्याणी एवढंच पाहिलंय, त्यांना ही वस्ती ठाऊक नसेल. नारायणगुडा, काचीगुडा, सुलतान बाजार हा सगळा पट्टा जुन्या मराठी वस्तीचा. केशव मेमोरियल ही इथली नावाजलेली शाळा, ती न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांच्या नावानं. राजा बहादूर वेंकटरामा रेड्डी हे निजामाच्या काळात शहराचे कोतवाल होते, त्यांच्या नावाचं मुलींचं कॉलेजही इथंच. पलीकडे काचीगुड्याचं स्टेशन, जिथून मराठवाड्याकडे गाड्या सुटतात. मामाच्या घरातली मराठी दख्खनीत भिजलेली. 'जाऊन राहिलो', 'येऊन राहिलो' हे तिथं सर्रास. गोव्याहून गेलेल्या आम्हा पोरांना त्या बोलीची गंमत वाटायची, आणि आमचं कोकणी वळणाचं मराठी ऐकून तिथली पोरं हसायची.

मामा क्रिकेटवेडा असेल असा माझा समज होता. शहर जयसिंहा आणि अझरुद्दीनचं ना! पण मामाच्या तोंडी नावं वेगळीच असायची. रहीमसाहेब, नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, थंगराज, बलराम. १९५७-५८ची संतोष करंडक स्पर्धा हैदराबादेतच भरली होती आणि यजमानांनी ती जिंकली. दहा-अकरा वर्षांचा मामा आजोबांचं बोट धरून फतेह मैदानावर गेला होता. तो एक वाक्य नेहमी म्हणतो, "निजाम गेला, रियासत गेली, स्टेटसुद्धा गेलं. राहिली काय ती पोलिसांची फुटबॉल टीम!"

या वाक्यात इतिहास आहे, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबतो.

हैदराबाद संस्थान भारतात आलं सप्टेंबर १९४८ मध्ये. त्याचं हैदराबाद राज्य झालं. ते १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत मोडलं. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कानडी जिल्हे म्हैसूरला गेले, तेलंगण आंध्र प्रदेशात गेलं. नारायणगुड्यातली मराठी घरं एका रात्रीत 'परप्रांतीय' झाली, घर न हलवता. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मेलबर्नला ऑलिंपिक सुरू झालं. भारताच्या फुटबॉल संघाचा मोठा हिस्सा हैदराबादचा होता, म्हणजे नकाशावरून नुकत्याच पुसल्या गेलेल्या राज्याचा! त्यांचा प्रशिक्षकही हैदराबादचाच, सय्यद अब्दुल रहीम.

रहीमसाहेब पेशानं शाळामास्तर. नारायणगुड्याला लागून असलेल्या काचीगुड्याच्या मिडल स्कूलमध्ये त्यांनी शिकवलं, चादरघाटच्या हायस्कुलातही शिकवलं. १९४३ पासून हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ त्यांच्या हाती आला. या संघानं मुंबईचा रोव्हर्स करंडक १९५० ते १९५४ असा लागोपाठ पाच वेळा जिंकला. मुंबईत जाऊन, कलकत्त्याच्या बड्या क्लबांच्या नाकावर टिच्चून! रहीम मास्तरांच्या युक्त्या साध्या पण डोकेबाज. 'चेंडू घेऊन पळायचं नाही, फक्त पास द्यायचा' अशा अटीच्या स्पर्धा ते भरवत. कमजोर पायानंच खेळायच्या स्पर्धाही भरवत. उजव्या पायाच्या पोराला डावा पाय आपोआप यायला हवा, हा हेतू. पाठ घोकून घेण्याची ही शाळामास्तरी पद्धतच म्हणायची. फक्त फळ्याऐवजी मैदान.

बलराम या मास्तरांचे विद्यार्थी. जन्म १९३६चा, सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याचा. घरी तमिळ बोलणारं गरीब कुटुंब. बुटांची मारामार, अम्मुगुड्याहून शहरातल्या मैदानावर यायचं तर खिशात भाड्याला पैसे नाहीत, अशा आठवणी त्यांनी स्वतः सांगितल्या आहेत. हैदराबादच्या लीगमध्ये रायडर्स क्लबकडून खेळताना हा पोरगा रहीमसाहेबांच्या नजरेत भरला. त्यानंतर गोष्टी भराभर घडल्या. १९५६-५७ साली हैदराबादनं संतोष करंडक जिंकला, त्यात बलराम. मेलबर्नच्या विमानात बलराम. वय जेमतेम वीस.

आता मेलबर्नमधली आपल्या घरची गोष्ट.

१ डिसेंबर १९५६. भारत विरुद्ध यजमान ऑस्ट्रेलिया. भारत ४-२ असा जिंकला आणि ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोचणारा आशियातला पहिला देश ठरला. त्या चारांपैकी तीन गोल एकट्याचे होते. नेव्हिल डिसोझा, गाव आसगाव, तालुका बार्देश! ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू. तीन दिवसांनी युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्याचाच. मग मात्र युगोस्लाव्हियानं चार गोल केले आणि शेवटी भारत चौथा आला. नेव्हिल चार गोलांसह स्पर्धेतला संयुक्तपणे सर्वाधिक गोल करणारा ठरला.

तारीख पुन्हा बघा. डिसेंबर १९५६. गोवा तेव्हा पोर्तुगिजांचा होता. मुक्ती यायला आणखी पाच वर्षं होती. सत्याग्रही तुरुंगात होते, सरहद्द बंद होती. आणि आसगावात जन्मलेला, मुंबईत खेळणारा एक गोंयकार भारताची जर्सी घालून गोल करत होता, मोडलेल्या हैदराबादच्या पोरांसोबत, एका मुसलमान शाळामास्तराच्या हाताखाली. राष्ट्र म्हणजे काय यावर आपण सभा-संमेलनांतून पुष्कळ बोलतो. मला तो अकरा जणांचा संघ त्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त काही सांगून जातो.

मेलबर्ननंतर नेव्हिल मुंबईतच राहिला. बलराम मात्र १९५७ साली कलकत्त्याला गेले आणि ईस्ट बंगालचे झाले. तिथं त्यांनी शंभरावर गोल केले. डावीकडून खेळत, पण एका जागी चिकटून नाही. मागे येऊन चेंडू घ्यायचा, दुसऱ्याला जागा करून द्यायची, आणि वेळ आली की स्वतः गोल मारायचा. १९६१ साली ते कर्णधार असताना ईस्ट बंगालनं कित्येक वर्षांनी कलकत्ता लीग जिंकली. त्या मोसमात सर्वाधिक गोल त्यांचेच.

१९६०चं रोम ऑलिंपिक. भारताच्या गटात हंगेरी, फ्रान्स आणि पेरू. हंगेरीकडून भारत १-२ असा हरला. हाच हंगेरी संघ पुढे त्या स्पर्धेत कांस्यपदक घेऊन गेला. फ्रान्सशी १-१ बरोबरी. पेरूकडून १-३ हार. भारतानं तीन सामन्यांत तीनच गोल केले, त्यांतले दोन बलरामांचे. हंगेरीसारख्या संघाविरुद्ध भारतीयानं गोल केला होता, हे आज आपल्या पोरांना सांगितलं तर ती आपल्याकडे संशयानं बघतील.

मग १९६२ची जकार्ताची आशियाई स्पर्धा. राजकीय वादामुळे यजमान प्रेक्षक भारताच्या विरोधात खवळलेले. बचावपटू जर्नेल सिंगच्या डोक्याला टाके पडलेले. रहीमसाहेबांना फुफ्फुसाच्या कर्करोगानं घेरलेलं. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात डोक्याला पट्टी बांधलेल्या जर्नेलला त्यांनी आघाडीवर खेळवलं. पीके आणि जर्नेल यांनी एकेक गोल केला आणि भारतानं दक्षिण कोरियाला २-१ असं हरवलं. त्या अकरांत बलराम होते, आणि कोलवाळचा फोर्तुनात फ्रांकोही होता. म्हणजे तिथंही हैदराबाद आणि बार्देश शेजारी-शेजारी! फ्रांको १० मे २०२१ रोजी गेले. कोविडच्या बातम्यांच्या गर्दीत ती बातमी आपल्यापैकी किती जणांनी वाचली?

जकार्ताच्या वर्षीच, १९६२ साली, बलरामांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षी जूनमध्ये रहीमसाहेब वारले. आणि त्याच १९६३ साली फुफ्फुसांच्याच दुखण्यानं बलरामांचा खेळ थांबला. तेव्हा ते बी.एन.आर.मध्ये, म्हणजे रेल्वेच्या संघात होते. बंगाल-नागपूर रेल्वे! नावात का होईना, आपलं नागपूर. वय सव्वीस-सत्तावीस. ज्या वयात आपण सरकारी नोकरीच्या परीक्षांचे अर्ज भरतो, त्या वयात या माणसाची कारकीर्द संपली होती. पुढे त्यांनी रेल्वेत नोकरी केली, मुलांना शिकवलं, लग्न केलं नाही, आणि हुगळीकाठच्या उत्तरपाड्यात एका फ्लॅटमध्ये राहिले. २०२० साली मार्चमध्ये पीके गेले, एप्रिलमध्ये चुनी गेले. त्रिमूर्तीतले एकटे बलराम मागे उरले. पुढे तेही गेले.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो.

मी सरकारी कारकून आहे. वीस वर्षं फायलींत गेली. पुरस्कार, मानधन, निवृत्तिवेतन यांच्याबद्दल लोक तावातावानं बोलतात, 'सरकारला किंमत नाही', 'सगळं राजकारण'. असेलही. पण आमच्या टेबलावरून दिसणारं चित्र थोडं वेगळं आहे. फाइल आपोआप हलत नाही. कुणीतरी अर्ज करावा लागतो, कुणीतरी टिपणी लिहावी लागते, कुणाच्या तरी अखत्यारीत तो विषय यावा लागतो. 'सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नाही' हा शेरा मारून फाइल परत पाठवणं जगात सगळ्यांत सोपं. तो शेरा मारणारा दुष्ट असतो असंही नाही. त्याला खरोखरच वाटतं, की हे दुसऱ्या कुणाचं काम आहे.

बलरामांच्या बाबतीत आत काय घडलं, त्याचा दावा मी करत नाही. पण त्यांचा पत्ता नुसता मांडून बघा. जन्म हैदराबाद संस्थानात. ते राज्य १९५६ साली मोडलं. मग गाव आंध्र प्रदेशात गेलं, २०१४ नंतर तेलंगणात. मातृभाषा तमिळ. कीर्ती बंगालमध्ये, पण ते बंगाली नव्हेत. नोकरी रेल्वेची, म्हणजे केंद्राची. आता यांची शिफारस कुणी करायची? बंगालच्या दृष्टीनं ते हैदराबादचे. हैदराबादच्या दृष्टीनं ते कलकत्त्याला गेले ते गेलेच. तमिळनाडूत ते कधी राहिलेच नाहीत. चुनी आणि पीके यांच्यामागे सबंध बंगाल होता. त्यांचा मान त्यांच्या कर्तृत्वाचाच होता, त्यात उणं काढण्याचा माझा हेतू नाही. पण ज्या माणसाला 'आमचा' म्हणणारं गाव, भाषा किंवा राज्य ठामपणे उभं राहत नाही, त्याची फाइल कुठल्या तरी टेबलावर धूळ खात पडते, हा माझा अनुभव आहे. तो पुरस्कारांनाही लागू असावा, असं मला वाटतं.

काही मित्र म्हणतात, "पुरस्कारानं काय होतं रे? लोकांच्या मनात आहेत ना, पुरे!" ऐकायला छान वाटतं. पण खरंच आहेत का लोकांच्या मनात? नारायणगुड्याच्या चौकात उभं राहून पाच पोरांना विचारा, बलराम कोण? म्हापशाच्या बाजारात उभं राहून विचारा, नेव्हिल डिसोझा कोण? उत्तर मला सांगायला नको. लोकांचं मन पिढीगणिक बदलतं, नोंद टिकते. पुरस्कार म्हणजे मुळात एक नोंद. या देशानं या माणसाला पाहिलं, याची सही-शिक्क्यासह पोच. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला, तोवर नेव्हिलचे मोठे दिवस सरले होते. त्याच्या नावावर तोही नाही. १९८० साली, पन्नाशीही गाठण्याआधी, नेव्हिल गेला.

रहीमसाहेबांवर २०२४ साली 'मैदान' हा हिंदी सिनेमा आला, तेव्हा कुठं लोकांना कळलं, की असा एक माणूस होऊन गेला. साठ वर्षांनी. तेही अजय देवगण होता म्हणून.

आणि हैदराबादचं फुटबॉल? हैदराबाद एफसी नावाचा नवा क्लब २०१९ साली निघाला. २० मार्च २०२२ रोजी त्यानं इंडियन सुपर लीग जिंकली, ती कुठं? आमच्या फातोर्ड्यात! केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून. मामानं त्या रात्री फोन केला होता, रडक्या आवाजात. तीन वर्षांत पैशांच्या ओढाताणीत तो क्लबच दिल्लीला गेला. रियासत गेली, स्टेट गेलं, पोलिसांची टीम विरली, आणि आता हेही. मामाचं जुनं वाक्य आता पुरं पडत नाही.

आपल्याकडे काय वेगळं आहे? २०१२ साली गोवा सरकारनं फुटबॉलला राज्याचा खेळ म्हणून जाहीर केलं. चांगलं झालं. ताळगावच्या ब्रह्मानंद शंखवाळकरांना २०२२ साली पद्मश्री मिळाली, तीही योग्यच. भारताचा हा गोलरक्षक आणि कर्णधार १९८०च्या दशकात काय दर्जाचा होता, हे ज्यांनी पाहिलं ते विसरलेले नाहीत. गोव्यानं त्यांना 'आमचा' म्हटलं, म्हणून ते घडलं. माझा मुद्दा तोच आहे.

पण आपण गोव्यातले मराठी वाचणारे-लिहिणारे लोक, आपण फुटबॉलला 'आमचा' म्हणतो का? खरं सांगा. आपल्या दिवाळी अंकांत नाट्यसंगीत आहे, दशावतार आहे, देवळांच्या जत्रा आहेत, मुक्तिलढा आहे, मंगेशी आणि कवळ्याचं सगळं आहे. हवंच ते. पण भाताची कापणी झाली की रिकाम्या शेतात गोल उभारून जो खेळ आपल्या गावागावांत चालतो, त्याचं मराठीत काय आहे? 'तो ख्रिस्तांवांचा खेळ' म्हणून आपण मनातल्या मनात एक शेरा मारून ठेवला आहे. सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नाही! शंखवाळकर खेळत होते तेव्हाही तो शेरा खोटा होता, आजही खोटा आहे. तिकडे कोल्हापुरात बघा. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब... कुस्तीच्या तालमींच्या नावानं फुटबॉलचे संघ आहेत, शाहू स्टेडियमवर पेठा-पेठांची इर्षा पेटते. मराठी माणूस फुटबॉलमध्ये रमत नाही म्हणणाऱ्यानं एकदा तिथं जाऊन यावं.

क्रिकेटपटूंची आत्मचरित्रं मराठीत रग्गड आहेत. नेव्हिल डिसोझाचं एक चांगलं, तपशीलवार मराठी चरित्र मला अजून भेटलेलं नाही. त्याच्यासोबत खेळलेले जवळजवळ सगळे गेले. बलराम गेले तेव्हा मेलबर्नच्या त्या संघाचा आणखी एक साक्षीदार संपला. ज्यांना विचारायचं होतं ते एकेक करून जाताहेत, आणि आपण परिसंवाद भरवतोय, 'मराठी साहित्यातील नवे प्रवाह'.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. दोन्ही कारकुनी आहेत, माफ करा.

एक. पद्म पुरस्कारासाठी आता कुणीही सामान्य नागरिक संगणकावरून शिफारस पाठवू शकतो. मंत्र्याची ओळख लागत नाही. माहिती लागते. तारखा, सामने, गोल, पदं, सगळं नीट मांडलेलं. मरणोत्तर पुरस्कार सहसा देत नाहीत, तेव्हा हे काम माणूस हयात असतानाच करायचं असतं. आपल्या गावात सत्तरी-पंचाहत्तरीचा एखादा जुना खेळाडू असेल, संतोष करंडक खेळलेला, तर त्याची कागदपत्रं आजच गोळा करायला बसा. त्याच्या घरच्या ट्रंकेत कात्रणं असतात. पावसाळ्यात ती वाळवीच्या तोंडी जातात.

दोन. लिहा. मराठीत लिहा, कोकणीत लिहा, पण त्याच्याशी बोलून लिहा. त्याच्या पहिल्या बुटांची गोष्ट विचारा, त्याला पहिलं कुणी हेरलं ते विचारा, शेवटचा सामना कोणता ते विचारा. छापायला कुणी मिळालं नाही तर वहीत लिहून ठेवा आणि वाचनालयात द्या. ग्रंथपाल नोंद करून घेतील.

मामा आता ऐंशीच्या घरात आहे. बलराम गेल्याची बातमी मीच त्याला फोनवर दिली. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग त्यानं एवढंच विचारलं, "पेपरात कितव्या पानावर होतं?"

मी पान सांगितलं. आतलं होतं.